नसरीनची वही

हे मी सुमनलाही कधी सांगितलेलं नाही — आणि बायकोपासून मी फारसं काही लपवत नाही. तुम्हाला का सांगतोय? माहीत नाही. पण सांगतोय.

नसरीन इराणहून आलेली. तिकडे लिहिण्यापायी तुरुंगात गेली, सुटली, पळाली. घाटकोपरला आमच्या मागच्याच गल्लीत भाड्याने राहायची, ऑनलाइन शिकवण्या घ्यायची. मी तेव्हा छापखान्यात प्रुफं तपासायचो. ती पत्रक छापून घ्यायला आली आणि ओळख झाली. मग शनिवारी आमच्याकडे चार-पाच जण जमायला लागले. ती इंग्रजीत बोलायची, मी मराठीत सांगायचो. ती स्वतःला अराजकवादी म्हणवायची. अराजकवादी म्हणजे दंगेखोर, असं मला वाटायचं. ती हसायची. "काका, तुमच्या लहानपणी चाळीत नळाची पाळी कोण लावायचं? सरकार?"

बायकाच लावायच्या की.

"मग!"

तिच्याकडे एक जाड वही होती. तिच्यासारख्याच देश सोडाव्या लागलेल्या माणसांच्या मुलाखती. निम्मी वही चिलीच्या एका आजींची — हुकूमशाही आली तेव्हा गल्लीतलं कोण कोण कसं गप्प झालं, ते सगळं नावानिशी. दुसरी प्रत नव्हती. निर्वासिताच्या कागदांसाठी नसरीन आठवडाभर दिल्लीला निघाली, वाटेत बॅग तपासली तर काय, म्हणून वही माझ्याकडे ठेवून गेली. माझ्याकडे!

त्याच आठवड्यात मुलीच्या पासपोर्टसाठी पोलीस घरी यायचे होते. त्यात सोसायटीच्या सेक्रेटरीने जिन्यात विचारलं, "ती परदेशी बाई काय लिहून आणते हो तुमच्याकडे?" सहज विचारलं असेल. पण मी घरात येऊन आधी वही कपड्यांखाली सरकवली. फारसीतली वही, आमच्या कपाटात — कुणी उघडलं तर काय सांगणार होतो?

दुसरी वाट नव्हती का? होती. शनिवारच्या मंडळीतले कांबळे स्वतःहून म्हणाले होते, "वही माझ्याकडे ठेवा." मी नको म्हणालो. घाबरलोय हे त्यांना कळलं असतं ना.

सुमन शाळेत शिकवायला गेली आणि मी — पानं फाडली. बादलीत भिजवली. हाताने कुस्करून लगदा केला, ओल्या कचऱ्यात टाकला. पुठ्ठा तेवढा भिजवून ठेवला. मुद्दाम. नसरीनला दाखवायला.

पोलीस आले, चहा प्यायले, सही घेऊन गेले. कपाटाकडे कुणी पाहिलंही नाही.

"वरच्या बाथरूमची गळती," मी नसरीनला सांगितलं. "सगळं कपाट भिजलं गं. पानांचा लगदा झाला." ती पुठ्ठा घेऊन पंख्याखाली बसली, वाळवत राहिली — काय वाळवत होती? मला रडू फुटलं. खरंखुरं. तिने माझा हात धरला. "नका ना, काका. कागदच होते."

चिलीच्या आजी तोवर वारल्या होत्या. हे तिने मला वर्षभराने सांगितलं, दुसऱ्या देशात आसरा मिळून निघाली तेव्हा.

गेल्या महिन्यात तिचं पुस्तक आलं, आठवून आठवून लिहिलेलं. आभारात पहिलं नाव माझं. सुमनने ते पान सगळ्या मजल्यावर फिरवलं.

नसरीनचा फोन आला. "कसं वाटलं, काका?"

आजींचं प्रकरण दीड पानाचं आहे.

"झकास," मी म्हणालो.