मायचा डबा आणि तिरामिसू

एसटी सुटायला आली तेव्हा मायने खिडकीतून डबा आत ढकलला. पसरट, स्टीलचा, कडीचा. झाकणावर टोचून घातलेलं नाव, शांताबाई. आत शेंगदाण्याचे लाडू. डबा खिडकीच्या गजांत अडकला. मी आतून ओढतेय, माय बाहेरून ढकलतेय आणि दोघी रडतोय. कंडक्टर म्हणाला, "मावशी, लेक चाललीय का डबा चाललाय?" माय रडता रडता हसली आणि गाडीमागं ओरडली, "मंगल, डबा परत पाठव! रिकामा न्हाई!"

त्याला चौदा वर्षं झाली. ह्यांना पुण्यात ड्रायव्हरची नोकरी लागली म्हणून आम्ही निघालो. माहेरचं शिरूर कासारात किराणा दुकान. गळ्यात लिंग असलेलं लिंगायताचं घर, तिथं चुलीजवळ अंड्याचं नावही काढायचं नाही. पुण्यात मी एका मॅडमकडे स्वयंपाकाला लागले. चार माणसांत बोलायला मी पहिल्यापासून भिते, म्हणून स्वयंपाकघर मला बरं वाटतं.

गावाकडचं कुणी ना कुणी पुण्याला येतंच. त्यांच्या हाती डबा यायचा आणि जायचा. येताना त्यात शेंगाची चटणी, काळं तिखट, आमटीसाठी येसर. जाताना बाकरवडी, नाहीतर माझ्या हातच्या नानकटाया. एकदाही रिकामा नाही. मी वर्षातून एकदा माहेरी जायचे, पण माहेर वर्षभर त्या डब्यात बसून ये-जा करायचं.

मॅडम पूर्वी दोन वर्षं इटलीत राहिलेल्या. त्यांनी मला तिकडचा एक गोड पदार्थ शिकवला, तिरामिसू. माझी शाळा चौथीत सुटलेली, म्हणून त्यांनी कृती कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिली. अंड्याचा पिवळा बलक आणि साखर गरम पाण्याच्या भांड्यावर धरून फेटायची, रंग फिका होईपर्यंत. त्यात मस्कारपोने, म्हणजे सायीचा मऊ चक्काच. पांढरं वेगळं फेटून हलक्या हातानं मिसळायचं. मग लांबट बिस्किटं कडक कॉफीत बुडवून थर लावायचे आणि वर कोको भुरभुरायचा. सगळं जमलं, बिस्किटं जमेनात. ती एका क्षणात बुडवून काढायची असतात. आमच्याकडे टोस्ट चहात बुडवला की मऊ होईस्तोवर धरतात. मी तसंच धरलं आणि पहिल्या खेपेला खीर झाली. तिसऱ्या खेपेला मॅडमनी दोनदा घेतलं.

लेकीच्या वाढदिवसाला मी ते आमच्या घरी केलं. काचेचा ट्रे नव्हता, पण मायचा डबा अगदी मापाचा निघाला. हौसेनं भावाच्या मोबाइलवर फोटो पाठवला. लगेच मायचा फोन आला.

"लई भारी दिसतंय गं. काय काय घातलंस?"

मी आनंदात सगळं सांगत सुटले. अंड्यापाशी आले तसं तिनं मला मधेच थांबवलं.

"माझ्या डब्यात?" एवढंच म्हणाली आणि फोन ठेवला.

मी डबा चिंचेनं घासला, बाकरवडी भरून गावाकडे पाठवला. तो तसाच परत आला, बाकरवडीसकट. पुढची चटणी आली ती कॅरीबॅगमध्ये. ती कॅरीबॅग हातात धरून मी कितीतरी वेळ ओट्यापाशी उभी होते.

नागपंचमीला माहेरी गेले ती ठरवूनच, की मायला बिनअंड्याचं करून घालायचं. आदल्या दिवशी म्हशीच्या दुधाची घट्ट साय मंद आचेवर ठेवली, मस्कारपोनेसाठी त्यात लिंबू पिळलं.

"चांगली साय नासवलीस की," माय दारातूनच म्हणाली.

ती बाहेर गेली तशी वहिनी माझ्या कानाशी आली. "वन्सं, सांगून टाका की, ह्यात अंडं कवाच नसतंय, त्या दिवशी तुमीच चुकून बोललात. मिटलं!"

मला मोह झाला. एका वाक्यात डबा पुन्हा सुरू झाला असता. पण मग पुढं त्यात जे भरलं असतं, त्याच्याखाली ते खोटंही भरावं लागलं असतं. माय परत आली तेव्हा मी फडक्यात साय बांधत होते. वर न बघताच बोलले, "माय, खऱ्यात अंडं असतंय. तिकडं मी रोज फोडते, ते माझं काम हाय. तुझ्या डब्यात करायला नको होतं, ते चुकलं. हे तुझ्यासाठी बिनअंड्याचं हाय."

माय पुढं आली. माझ्या हातातलं फडकं घेतलं, पुन्हा आवळून बांधलं. "गाठ ढिली हुती," म्हणाली.

पंचमीला सकाळी ती माझ्यासमोर येऊन बसली.

"ह्यात चिरायचं काय हाय?"

"काई न्हाई."

"तवा? तळण?"

"न्हाई."

आमच्यात पंचमीला चिरत नाहीत, तळत नाहीत, तवा ठेवत नाहीत. माय वहिनीकडे वळली. "बघ! त्या इटलीवाल्यांना पंचमी कळती. तू मघाशी इळी काढून बसलीस!"

मग ती बेकरीचे बिनअंड्याचे टोस्ट कॉफीत बुडवायला लागली. चहात धरतात तसे.

"माय, लगेच काढ!"

"भिजू दे की. तुझा जीव कशापायी चाललाय?"

टोस्ट तुटून कॉफीत पडला. तिनं तो चमच्यानं काढला आणि तोंडात टाकला. "कडू हाय," म्हणाली. मी मात्र बघतच राहिले. माझ्या ह्या पदार्थातला पहिला घास तिनं खाल्ला होता.

दुकानातल्या फ्रीजमध्ये थंड्याच्या बाटल्या सरकवून आम्ही थर लावलेलं ताट ठेवलं. वारूळ पुजून आल्यावर सगळ्यांनी खाल्लं. "ही तर श्रीखंडाची चुलतबहीण दिसती," माय म्हणाली आणि दुसऱ्यांदा वाटी पुढं केली.

निघताना पुन्हा एसटीची खिडकी. मायने नवा डबा आत दिला. जरा लहान, गजांतून सहज आला. आत पंचमीचे उकडलेले पुरणाचे दिंड. झाकणावर टोचून नाव, मंगल.

"हा माहेरचा," ती म्हणाली. "त्यो जुना तिकडंच ऱ्हाऊ दे. काय फोडायचं ते फोड त्यात."

आता मायच्या नावाचा डबा माझ्या घरी असतो, लेकीच्या वाढदिवसाला त्यात तिरामिसू होतं. माझ्या नावाचा गावाकडे ये-जा करतो. पुण्यात कुणी विचारलं की घर कुठलं, तर मला पटकन सांगता येत नाही. आज डबा शिरूरला गेलाय, नानकटाया घेऊन. फळीवरची त्याची जागा मी मोकळी ठेवली आहे.