एका तालमीची दोन कुलपं

“याला परत त्याच गल्लीत सोडायचं? कुणाच्या भरवशावर?” बाल न्याय मंडळाच्या मॅडमनी मला विचारलं.

मी परिविक्षा अधिकारी. म्हणजे अठराच्या आतलं पोरगं गुन्ह्यात सापडलं की त्याच्या घरी-दारी चौकशी करून मंडळाला रिपोर्ट द्यायचा. समोर मान खाली घालून सूरज उभा होता. बंद कारखान्यातून तांब्याची वायर चोरताना सापडलेला. वडील नाहीत, आई कुपवाडच्या कारखान्यात सेकंड शिफ्टला, घरी यायला रात्र. भरवशाचं माणूस दाखवता आलं नाही, तर तो निरीक्षणगृहातच राहणार होता. मी पुढची तारीख मागून घेतली.

याच गल्लीतल्या पोरांच्या केसेस माझ्याकडे सारख्या येत. सगळीच पोरं एकाच गल्लीत कशी बिघडतात? मी संध्याकाळी तिथे गेले. खांबावर दिवा नाही. पोरं त्याच बंद कारखान्याच्या शेडमागे बसलेली, भंगारवाल्याची गाडी शेजारीच. आणि गल्लीच्या तोंडाशी चांगली दगडी तालीम, दाराला दोन कुलपं!

गणपतीच्या वर्गणीवरून तालमीचं मंडळ फुटलेलं. एक कुलूप आबांचं, दुसरं बापूंचं. दोघेही जुने पैलवान, आता एकमेकांचं तोंड बघत नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दोघांना तालमीच्या पायरीवर बोलावलं; तालीम उघडा, पोरांना आत घ्या, म्हटलं.

“आधी त्येला त्येचं कुलूप काढू द्या,” आबा म्हणाले.

“आवं, पयलं कुलूप त्यांचंच हाय!” बापू उसळले.

माझं डोकं फिरलं. पोरगं आत अडकलंय आणि यांचं मानपान चाललंय! मी काही बोलणार, तेवढ्यात माझ्याबरोबर आलेली सूरजची आई पुढे आली.

“आबा, माझं पोरगं घावलं म्हणून चोर झालं. तुमचा नातू बी त्याच शेडमागं बसतोय. त्यो अजून घावला न्हाई, एवढंच.”

आबांनी कनवटीची किल्ली काढली. बापूंनीही काढली.

पुढच्या तारखेला दोघे मंडळासमोर हजर. दोन टोकांना उभे राहिले, पण सूरजची हमी दोघांनी घेतली. सूरज माझ्या देखरेखीखाली घरी सुटला. आता तो रोज लाल मातीत लोळतो, आबांच्या नातवाकडून चीतपट होतो आणि हसत उठतो. ते बघून मला फार बरं वाटतं.

कुलपं मात्र अजून दोनच आहेत. उशीर केला असं दुसऱ्याने म्हणू नये, म्हणून दोघे रोज वेळेवर येतात, आणि उघडी तालीम दुसऱ्याच्या एकट्याच्या ताब्यात राहू नये, म्हणून बंद होईपर्यंत हलत नाहीत. पोरांवर लक्ष ठेवायला मी एक माणूस शोधत होते. एकमेकांवर लक्ष ठेवणारे दोन मिळाले.