कोळशाला दिलेल्या शिव्या
चहाच्या टपरीवरची कोळशाची शेगडी धुमसली, की मला नागपुरातलं ते थंडगार सभागृह आठवतं. आमच्या बॅटरीच्या संशोधनाचं सरकारी अनुदान संपलं होतं आणि मी एका खासगी कंपनीकडे पैसे मागायला उभा होतो. साहेबांना आवडावं म्हणून बोलून गेलो, "कोळसा खणणाऱ्यांनी आपली हवा नासवली." खाणीत राबून मला शिकवणारे बाबा माझं बोलणं ऐकायला सावनेरहून आले होते. शेवटच्या रांगेतून पहिली टाळी त्यांचीच आली. बाहेर त्यांनी हळूच विचारलं, "पैसे भेटतीन नं गा तुले?" मी म्हणालो, "बहुतेक." ते हसले, "मंग अजून दोन शिव्या द्याच्या होत्या!" कंपनीने पैसे दिले, त्यावर प्रयोगशाळा चालते, पण बाबांनी कामाचं विचारलं, की आजही माझी नजर जमिनीवर जाते.