न्हाणीतली शिकवणी

माह्या पोरीनं पहिल्यांदा "आई" म्हटलं तवा मी घरी नव्हती. दिग्रसच्या जिनिंगच्या हापिसात कापसाच्या गाड्यायच्या वजनाच्या पावत्या फाडत बसली होती. संध्याकाळी घरी आली तं सासूबाई दारातच उभ्या. "म्हटलं वं, म्हटलं! पोरीनं मले आई म्हटलं!" अर्ध्या गल्लीत साखर वाटून झाली होती. माह्याही हातावर चिमूटभर ठेवली. मी खाल्ली, दुसरं काय करीन? पण ती साखर मले कधी पचली नाही.

पोरगी तवा दीड वर्षाची. मले ती म्हणे "वैनी". काहून, तं धाकला दीर घरातच राहते आन सकाळपासून ओरडते, "वहिनी, चहा! वहिनी, माहा चार्जर!" लेकरू जे आयकते तेच बोलते. तसंही या घरची रीतच उलटी. माहा नवरा आन दीर, दोघंही सख्ख्या मायले "काकू" म्हणतेत. मिशा आल्या तरी काकूच. नवी नवरी होती तवा मले त्याचं हसू यायचं. मी मात्र पहिल्या दिवसापासून सासूले आईच म्हटलं. माह्या मायनं निघताना बजावलं होतं, "सासूले आई म्हणजो, घर तुह्यं होईन." आता पाहा मजा. "आई, हिले घ्या. आई, मी निघाली." हे पोरीनं माह्याच तोंडून उचललं. शब्द मी शिकवला आन सासूच्या पदरात जाऊन पडला. आयत्या बिळावर नागोबा!

कोणी म्हणन, शब्दात काय ठेवलं? त्यानं आमच्या घरी आठ दिवस राहून पाहावं. पुसलेल्या फरशीवर शी केली, धुवायले वैनी. वरणभाताची वाटी भिंतीवर फेकली, पुसायले वैनी. चड्डी घाल म्हटलं की अंगणभर उघडी पळन, मांगं धावायले वैनी. पायातली चप्पल तोंडात, तुळशीची माती तोंडात, दिराच्या मोबाईलचं कव्हर तोंडात, आन तोंडात बोट घालून काढायले वैनी. चावा बी वैनीलेच. सारं आवरून, न्हाऊमाखू घालून, पावडर लावून पोरगी तयार केली, की ती गोड हसून हात पसरन, "आई!" आन सासूबाई उचलून घेतीन. माह्या अंगाचा तिळपापड होये. नवऱ्याले सांगतलं तं म्हणे, "लहान हाय, समजन हळूहळू."  मी मनात त्याचं नाव लिहून ठेवलं.

खरा राग डोक्यात गेला तो एसटीत. पोरीचा कान दुखत होता, म्हणून तिले घेऊन यवतमाळले निघाली. पोरगी सारखी "वैनी, पानी. वैनी, खाली." बाजूच्या सीटवरची बाई बराच वेळ पाहत राह्यली, मंग म्हणे, "पोरीची माय नाही आली काय? तुम्ही कोण हिच्या?"

मी म्हटलं, "मायच हाओ मी."

 त्या बाईनं माह्याकडं पाह्यलं, मंग पोरीकडं पाह्यलं, आन पिशवी उचलून मांडीवर घेतली. लेकरं पळवणारी समजली काय मले, कोणाले ठाऊक. यवतमाळ येईपर्यंत मी खिडकीतून बाहेर पाहत होती आन डोळ्यातून पाणी गळत होतं. त्याच गाडीत मी ठरवलं. बदला घेईन. या म्हातारीले साऱ्यायसमोर पाणी पाजीन, तेव्हाच नावाची.

पोरीची सकाळची अंघोळ तेवढी माह्या हातात होती. न्हाणीचं दार लावलं की आत आम्ही दोघीच. तिथं मी शिकवणी सुरू केली. डब्बीत गुळाचे खडे लपवून ठेवले. अंगावर तांब्या ओतायचा, माह्या नाकावर बोट ठेवायचं आन विचारायचं, "मी कोण? आई." बरोबर सांगतलं की खडा. मंग दाराकडं बोट. "बाहेर कोण बसली हाय? बुढी." बरोबर सांगतलं की मोठा खडा. मोठा खडा बुढीसाठीच ठेवला होता. पहिले पंधरा दिवस पोरगी गूळ खाऊन वैनीच म्हणे. पण मी काही कमी नव्हती. तापलेलं पाणी थंड होऊन जाये पण शिकवणी चुकत नव्हती. पोरीले बजावलं होतं, बाहेर बोलायचं नाही. दीड वर्षाच्या पोरीले काय समजते म्हणा! पण देवानं माही लाज राखली. न्हाणीबाहेर "बुढी" तिच्या तोंडून कधी निघालं नाही.

संक्रांतीले आमच्या घरी हळदीकुंकू होतं. बायायनं बैठक भरून गेली. सासूबाईनं नवीन जांभळं लुगडं नेसलं आन पोरीले मांडीवर घेऊन मधात बसल्या. दरवर्षी त्यायले वाण दाखवायची हौस, या वर्षी पोरगी दाखवायची. "सांग माह्या सोन्या, मी कोण?"

पोरीनं एकदा माह्याकडं पाह्यलं. मी तिळगुळाचं ताट घेऊन उभी होती. मी ओठ हलवले नाही, देवाशप्पथ. पण तिले बहुतेक माह्या हातातला गूळ दिसला.

"बुढी!"

बाया अशा हसल्या की काही विचारू नका. लेकराले काय, हसले की अजून पाहिजे. टाळ्या वाजवून वाजवून "बुढी! बुढी! बुढी!" शेजारची तं डोळे पुसायले लागली हसून हसून. मी सैपाकघरात जाऊन पदराचा बोळा तोंडात कोंबला. एसटीतली ती बाई इथं पाहिजे होती, असं वाटलं. आन मांगून पोरगी धावत आली, माह्या पायाले बिलगली आन बैठकीतल्या साऱ्या बायायले आयकू जाईन असं ओरडली, "आई, गूळ."

जिंकली बापा मी! त्या दिवशी मी दोन पुरणपोळ्या जास्त खाल्ल्या.

सासूबाई भांडल्या असत्या तं मजा आली असती, मी तयारीतच होती. पण नाही. लुगडं घडी करून ठेवलं, पोरगी माह्याजवळ दिली, म्हणे, "घे तुह्यं लेकरू." मले अजून जोर चढला. पोरीले पक्कं समजावं म्हणून मीही त्यायले आई म्हणणं सोडलं. "आजी, चहा घ्या. आजी, मी निघाली." त्या नुसत्या "हौ" म्हणत.

आठ-दहा दिवसांनी, इतवारी, आम्ही दोघी वसरीत तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो. पोरगी दाणे उधळून राह्यली होती. सासूबाई मान वर न करता बोलल्या.

"माहे दोन्ही पोरं झाले तवा मी शेतात जात होती. पोरं सासूजवळ. तिनं त्यायले आपल्याले आई म्हणायले शिकवलं. मी जावेच्या लेकरायची काकू, म्हणून माह्याही लेकरायची काकू झाली. म्हटलं मोठे होतीन, समजन. मोठे झाले. कोणाले समजलं नाही." त्यायनं एक शेंग सोलली. "या घरात मले आई म्हणणारी पहिली तू. आन दुसरी ही. आता दोघीही गेल्या."

एवढंच. रडल्या नाहीत, काही नाही. शेंगा सोलत राह्यल्या.

मले इतका संताप आला की सांगता सोय नाही. दोन महिने खपून बदला घेतला, त्याची चवच घालवली म्हातारीनं! चोर सोडून संन्याशाले फाशी दिली मी. खरी चोरटी, माही आजेसासू, भिंतीवर, फोटोत, हार घालून बसलेली. तिचं मी काय वाकडं करीन? पण दुसरे दोन गुन्हेगार, माहा नवरा आन दीर, जिते होते, आन दोघंही रोज माह्याच हातचं जेवत होते. म्हटलं, पहिले मोठा.

नवरा जेवायले बसला तं मी ताट मांगं ओढलं. म्हटलं, "मायले आई म्हणा, मंग जेवा."

"येडी झाली काय? पस्तीस वर्षं काकू म्हणून राह्यलो. तोंडात येत नाही आता."

"माह्या पोरीच्या तोंडात येत नव्हतं. मी आणलं. तुमच्याही तोंडात आणीन."

त्यानं ताट हिसकून घेतलं आन जेवला. बरं. दुसऱ्या दिवशी न्हाणीत गुळाची डब्बी पुन्हा उघडली. त्याचं मोटरपंप दुरुस्तीचं दुकान हाय, तिथं सारे त्याले "भाऊ" म्हणतेत. चार दिवसात पोरगी तयार. गिऱ्हाईक घेऊन तो घरी आला तं ही दारातून ओरडली, "भाऊ आला! भाऊ आला!" गिऱ्हाईक हसलं. नवऱ्यानं तिले उचललं, म्हणे, "बाबा म्हण." ती म्हणे, "भाऊ." त्याचा चेहरा पडला. तिले कडेवर घेऊन तो माह्याकडं पाहत राह्यला. मी त्याले चहा दिला. म्हटलं, "लहान हाय, समजन हळूहळू."

तीन दिवस त्यानं कळ काढली. चौथ्या दिवशी सुट्टी होती. मी मांगच्या अंगणात कपडे वाळू घालत होती. सैपाकघराचं मांगचं दार उघडं होतं, आतलं सारं दिसत होतं. सासूबाई चुलीपुढं भाकर थापत होत्या. नवरा पोरीले कडेवर घेऊन आतल्या दारात येऊन उभा राह्यला. खाकरला. पुन्हा खाकरला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, एवढा मोठा माणूस.

"आई," त्यानं म्हटलं.

सासूबाईनं मान वर केली नाही. भाकर तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. "हिची आई मांगं कपडे वाळू घालून राह्यली," त्या म्हणे. "जा, दे पोरीले तिच्याजवळ."

नवऱ्यानं माह्याकडं पाह्यलं. सुटलो, असं वाटलं असन त्याले. पाय उचललाच होता त्यानं अंगणाकडं.

मी दातातला चिमटा काढला.

"पुन्हा म्हणा," मी म्हटलं. "त्यायच्याकडं पाहून."