पैसा आला कुठून

कॅनडातल्या बर्नाबीच्या सूर्यकांत रामटेकेंना राग यायला एरवीही फारसं कारण लागत नसे, पण २०१८च्या वसंतात ते कारण चांगलं भक्कम होतं. अठरा वर्षांपासूनच्या बँकेनं त्यांचं खातं बंद केलं होतं. पत्र मोजून चार ओळींचं. खाली माणसाची सही नाही, नुसतं विभागाचं नाव.

गुन्हा काय, तर बिटकॉइन. सूर्यकांत विद्यापीठात सर्व्हर सांभाळत आणि सुट्टीच्या दिवशी घरून युरोपातल्या एका लहान कंपनीचं काम करत. ती कंपनी २०१४ पासून त्यांना बिटकॉइनमध्ये मोबदला देई. तेव्हा ओळखीचे लोक हसले. मग भाव असा चढला की हसणारेच सल्ला विचारायला फोन करू लागले. सूर्यकांतनी दर वर्षी या कमाईवर टॅक्स भरला, एकूण एक बिल जपलं. मार्चमध्ये त्यातले थोडे विकून पैसे बँकेत घेतले, तर काउंटरवरच्या पोरीनं गोड हसून विचारलं, "हा पैसा आला कुठून?" त्यांनी खरं ते सांगितलं. पंधरा दिवसांत पत्र हजर.

रामटेक्यांच्या घराला हा प्रश्न नवा नव्हता. वडील भंडारा जिल्ह्यात प्राथमिक शाळेचे मास्तर. त्यांनी गावात पक्क्या विटांचं घर बांधलं तेव्हा पाटलापासून हवालदारापर्यंत सगळ्यांनी हेच विचारलं होतं. त्याच वर्षी सावकाराची माडी उठली, तिला कुणी काही विचारलं नाही. मास्तरांनी विटांच्या पावत्या पत्र्याच्या पेटीत घातल्या आणि पोराला सांगितलं, कागद सांभाळ. पोरगा कागद सांभाळत कॅनडापर्यंत आला.

आता प्रश्न लेकीचा होता. कल्याणीला नेदरलँड्समध्ये प्रवेश मिळाला होता. फी युरोत, पंधरा जूनच्या आत, नाहीतर जागा दुसऱ्याला. तिच्यासाठी राखलेलं सगळं बिटकॉइनमध्ये, आणि ते विकून देणारी युरोपातली दुसरी एक कंपनी पैसे फक्त युरोपातल्या, विकणाऱ्याच्या स्वतःच्या नावाच्या खात्यात टाकणार. सूर्यकांत बँका धुंडाळायला बसले. एकीला कॅनडात राहणारा माणूस नको, दुसरीला बिटकॉइनचं नावही नको. अखेर एका छोट्या देशातली बँक सापडली. तिच्या अर्जात पैसा कुठून आला या प्रश्नाखाली बिटकॉइनसाठी वेगळा चौकोन छापलेला होता. खर्च इतरांच्या दुप्पट, तरी सूर्यकांतना तीच पसंत पडली.

"विचारतात, पण सगळ्यांले विचारतात," ते बायकोला, प्रभाला म्हणाले.

आंबेडकर मंडळातला उल्हास त्या दिवशी घरी आला होता. टेबलावरचे गठ्ठे बघून म्हणाला, "कायले एवढे पेपर लावता भाऊ? मी युरोपातल्या एका मोबाइलवाल्या बँकेत अप्लाय केलं. पगारातली सेव्हिंग लिहा, बिटकॉइनच्या प्रश्नाले नो म्हणा. टेन मिनिट्स. कोणी चेक नाही करत जी."

"दर महिन्याले पंचशील तूच म्हणून घेतोस ना सगळ्यांकडून, खोटं बोलणार नाही म्हणून?"

"आता बँकेत काय पंचशील, भाऊ."

सूर्यकांतनी त्याला चहासुद्धा विचारला नाही.

मग त्यांनी एकशे बारा पानं पाठवली. बिलं, टॅक्सचे कागद, अठरा वर्षांच्या पगाराच्या स्लिपा. आणि रागाच्या भरात वडिलांच्या विटांच्या पावत्याही स्कॅन करून जोडल्या. प्रभा म्हणाली, "याचं काय काम तिथं?" ते म्हणाले, "असू दे. कळू दे त्यांले, कोणाच्या घरातला पैसा आहे ते."

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. अर्जदाराने न मागितलेली कागदपत्रं असाधारण प्रमाणात जोडल्यामुळे शंकेला जागा निर्माण होते, सबब अर्ज नामंजूर.

सूर्यकांतनी फोन लावला आणि आवाज चढवला. कमी सांगितलं तर चोर, पूर्ण सांगितलं तरी चोर, मग सांगायचं तरी किती? पलीकडचा माणूस शांतपणे म्हणाला, यावर आम्ही बोलू शकत नाही. शेवटी प्रभानं फोन काढून घेतला आणि बंद केला.

पंधरा तारखेला चार दिवस उरले. कल्याणी जेवताना म्हणाली, "इट्स ओके बाबा. आय विल जस्ट स्टे हिअर." रडली असती तर बरं झालं असतं. ती भात कालवत राहिली. सूर्यकांतना त्या बँकांचा आला नव्हता एवढा राग स्वतःचा आला.

ते ताटावरून उठले, सोफ्यावर बसून उल्हासनं सांगितलेली बँक मोबाइलवर उघडली. पैसा कुठून? पगारातली बचत. बिटकॉइनशी काही संबंध? नाही. पासपोर्ट दाखवा, मान डावीकडे, मान उजवीकडे. नऊ मिनिटांत खातं उघडलं. कागद एकही मागितला नाही. ते तरी मोबाइल धरून बसले होते, कुणीतरी काहीतरी विचारील म्हणून.

बिटकॉइन विकले, तिसऱ्या दिवशी पैसे त्या खात्यात आले. कल्याणी गळ्यात पडली, "थँक यू, बाबा." त्यांनी तिचे हात सोडवले.

"खोटं लिहिलं आहे मी," ते म्हणाले. "फी भर."