हिराबाईंच्या नवऱ्याचा रंग

नासलेली प्रिंट दामलेकाका कधी फेकायचे नाहीत, खणात टाकायचे. तो खण आता उघडला की बंद होत नाही, आणि प्रत्येक कागदामागे एक किस्सा आहे. त्यातले अर्धेअधिक एकाच चेहऱ्याचे!

डोंबिवलीतला फोटो स्टुडिओ काकांचा, रिटचिंग, म्हणजे फोटोंची डागडुजी, माझ्याकडे. तीस वर्षं डार्करूममध्ये काढून नव्वदच्या दशकाच्या शेवटी शेवटी काकांनी कॉम्प्युटर आणि शाई फवारणारा इंकजेट प्रिंटर घेतला. पहिलं काम आलं हिराबाईंचं. दिवा स्टेशनाकडच्या खाडीवरच्या कोळीणबाई. वारलेल्या नवऱ्याचा एकुलता एक फोटो होता, ब्लॅक अँड व्हाइट, अंगठ्याएवढा, कसर लागलेला. तो मोठा करून भिंतीवर लावायचा होता. काका म्हणाले, होईल. कसा, ते आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं.

*

पहिली प्रिंट छान आली. काकांनी ती उचलली आणि सवयीने पाण्याच्या ट्रेमध्ये धुवायला टाकली. जन्मभर होडीवर राहिलेला माणूस आमच्या ट्रेमध्ये दोन मिनिटांत विरघळला.

काकांनी कोरा कागद चिमट्याने बाहेर काढला आणि डार्करूममध्ये फोटो पक्का करणाऱ्या फिक्सरची बाटली शोधली. मग म्हणाले, "याच्यात फिक्सर कुठे घालायचा?"

*

दुसऱ्या दिवशी काकांनी दार लावलं, डार्करूमचा लाल दिवा लावला आणि मग प्रिंटर सुरू केला. मी म्हटलं, काका, याला अंधार लागत नाही.

"आपल्याला लागतो," काका म्हणाले.

लाल उजेडात प्रिंट अप्रतिम दिसली. बाहेर आणली तर नवरा पोपटी!

*

मग कळलं, यंत्र करडा रंग सगळ्या शाया मिसळून करतं. आम्ही नुसती काळी शाई ठेवली. पोपटीपणा गेला, पण गालभर बारीक ठिपके आले. त्याच दिवशी हिराबाई चौकशीला आल्या. प्रिंट डोळ्यांजवळ धरून म्हणाल्या, "यानं दाढी कवा ठेवली?"

*

पुन्हा रंगांकडे वळलो, या वेळी चिमूटचिमूट. आता ट्यूबलाइटखाली करडा, उन्हात जांभळा. काका दिवसभर प्रिंट घेऊन पायरीवर ये-जा करायचे. समोरच्या इस्त्रीवाल्याने न राहवून विचारलं, काय झालंय.

"आत असला की बरा असतो," काका म्हणाले, "बाहेर पडला की बिघडतो."

इस्त्रीवाल्याने सहानुभूतीने मान हलवली.

शेवटी एक प्रिंट आत-बाहेर सारखीच करडी आली. कशी, ते विचारू नका. हिराबाईंनी ती पदराखाली घेऊन नेली आणि काका त्या दिवशी दोनदा चहा प्यायले.

*

दीडेक वर्षाने हिराबाई तीच फ्रेम घेऊन आल्या. गुंडाळलेलं वर्तमानपत्र सोडलं. निळी शाई उडाली होती, अख्खा चेहरा तांबूस झाला होता. काकांनी हात जोडले. म्हणाले, बाई, चूक आमची, आत्ताच्या आत्ता दुसरी काढून देतो.

हिराबाईंनी फ्रेम झटकन छातीशी ओढली.

"दुसरी नको. तुम्ही दिला तवा पार काला होता. घरान लावल्यापासून हलूहलू त्याचा रंग परत येतंय. मी येवढंच इचारायला आले, पुरा यायला आजून किती दिस लागतील?"