पहिलं रोप आईच्या हातचं

मंडळी, हातापायाची माती धुऊन आत्ताच बसलोय. आज ऊन उतरल्यावर आम्ही ब्रोकोलीची लागवड केली. रोपं घरीच ट्रेमध्ये वाढवलेली, चार-पाच पानांची.

आमच्याकडे पहिलं रोप आई लावते. मातीला हळदकुंकू वाहते, वणीच्या देवीचं नाव घेते, मगच आम्ही वाफ्यात उतरतो. पण उन्हाळ्यात तिला अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. तिला वाईट वाटू नये म्हणून आज मीच गुपचूप सुरुवात करणार होतो.

आई बांधावरून ओरडली, "काय रे, मी मेले का?"

बायकोनं तिला धरून वाफ्यापाशी बसवलं. मी रोप पुढे केलं. आईचा डावा हात मध्येच थांबला.

"डाव्या हातानं शुभकाम करतात का रे? पीक नाय आलं तर माझ्या नावानं बोंबलशील. तूच लाव."

बायको म्हणाली, "आत्याबाई, यांना काय एकाच हातानं वाढवलं का तुम्ही?"

आई हसली. "याला तर दोन हात कमी पडायचे!"

आणि तिनं डाव्या हातानं रोप लावलं, मुळाशी माती दाबली, डोळे मिटून देवीचं नाव घेतलं.

रोप जरा कललं होतं. पाणी देताना ते सरळ करायला मी वाकलो, पण ओल्या मातीत आईची बोटं उमटलेली दिसली. मी हात मागे घेतला.

तुम्ही असतात तर सरळ केलं असतं का?